बिनओरखड्याचे शंख

रविवारी दुपारी दिवेआगरहून परतलो, तिसऱ्या मजल्यावर पोचलो आणि सगळ्यात आधी दिसल्या त्या अफरीनच्या चपला. गुलाबी, पट्ट्यावर फुलपाखरू असलेल्या, मीच पिंपरीच्या बाजारातून आणलेल्या. त्या त्यांच्या दारात होत्या. म्हणजे तिच्या आईबापाच्या दारात, जिथं कुठल्याही पोरीच्या चपला असायला हव्यात तिथंच. यात बघण्यासारखं काय आहे, असं कुणीही म्हणेल. आमचे हे, ज्योतीराम, म्हणालेही, की अगं कुलूप काढ, पाय दुखायलेत. पण गेली पाच वर्षं त्या चपला, म्हणजे त्याआधीच्या आणि त्याच्याही आधीच्या लहान लहान चपला, माझ्या दारात पडत आल्या होत्या. एक इकडं, एक तिकडं, त्यातली एक हमखास उलटी. उलटी चप्पल दिसली की घरात भांडण होतं म्हणतात, म्हणून मी दिवसातनं चार वेळा ती पायानं सुलटी करायची, तीही उंबऱ्याच्या आतूनच. आणि आज त्या जोडीनं, टाचा भिंतीला टेकवून ठेवलेल्या होत्या. पोर अशा ठेवत नाही. कुणीतरी वाकून ठेवल्या होत्या. कुणी, ते मला विचारायची गरज नव्हती. माझ्या हातातल्या पिशवीत कडीचा स्टीलचा डबा होता, डब्यात तेवीस शंख होते, आणि तीन दिवस ज्या क्षणाची मी वाट पाहिली होती तो त्या जिन्यातच आंबून गेला.

इफ्फतआपा दोन महिन्यांपूर्वी आल्या. अफरीनच्या बापाची, अफताबची थोरली बहीण, श्रीवर्धनकडे दिलेली, नवरा गेल्या वर्षी वारला, मूलबाळ नाही. मोतीबिंदू काढायला पंधरा दिवसांसाठी आल्या होत्या. एक डोळा झाला, मग दुसरा झाला, मग तपासण्या, आणि पंधराचे साठ कधी झाले ते कुणी मोजलंच नाही. मी मोजत होते. बाई वाईट नव्हत्या, हीच तर अडचण होती. वाईट असत्या तर मी पोरीच्या आईला, सुरय्याला, एकदाच काय ते सांगून मोकळी झाले असते. त्या हळू बोलायच्या, पायरीवर भेटल्या की बाजूला व्हायच्या, काळ्या चष्म्यातून माझ्याकडं बघून हसायच्या. आणि रोज थोडं थोडं करून माझं घेऊन जायच्या. आधी वेणी गेली. मी दोन वेण्या घालायची, त्या एकच सागरवेणी घालू लागल्या. मग डोक्याचा वास गेला. अफरीन माझ्या मांडीवर झोपायची तेव्हा तिच्या केसांना बदामाच्या तेलाचा वास असायचा, मीच लावलेल्या. आता नारळाचं तेल, कोकणातल्या घाण्यावरचं, बाटलीनं आणलेलं. पोरीचं डोकं हुंगावं आणि दुसऱ्याच घरात शिरल्यासारखं वाटावं. एकदा जेवताना तिनं माझा हात धरला आणि म्हणाली, मावशी, फुफी म्हणते भात असा दाबून कालवायचा नसतो. फुफी म्हणजे आत्या. सात महिन्यांची असल्यापासून मी तिला दाबून कालवलेला भात भरवला. त्या भातावरच ती चालायला लागली.

सुरय्या चाकणच्या बाजूला वायर हार्नेसच्या, म्हणजे गाडीच्या वायरींचे जुडगे बांधायच्या लाइनवर आहे, निघोजेपासून जवळच. पहिली पाळी असली की सहाच्या बसला जाते. अफताबचं गॅरेज आठला उघडतं, पण तो माणूस गाडीचा कार्ब्युरेटर उघडू शकतो, पोरीच्या फ्रॉकची बटणं त्याला लागत नाहीत. म्हणून झोपलेली पोर दुपट्यात गुंडाळून सुरय्या माझ्याकडं द्यायची. ते देणं मला अजून हातात जाणवतं. गरम, जड, मान कलंडलेली. माझी दोन राहिली नाहीत, एक चौथ्या महिन्यात आणि एक सहाव्या. त्यानंतर आम्ही त्या विषयावर बोललो नाही, आणि न बोलण्याची अशी सवय झाली की दुःख आहे हेही विसरायला झालं. मग सुरय्यानं हे गाठोडं हातात दिलं. मला कुणी काही दिलं नव्हतं, सांभाळायला दिलं होतं, हा फरक मला कळत होता. पण हाताला कळत नव्हता. सहलीला निघायच्या आदल्या दिवशी सुरय्या म्हणाली, "आता आपा आहेत, मावशी. तुम्ही बिनघोर जा." बिनघोर. तिनं चांगल्या मनानं म्हटलं. मी रात्रभराच्या बसमध्ये तो एकच शब्द चघळत बसले. जूनमध्ये अफरीन पहिलीत जाणार, शाळा दुपारपर्यंत, पुढं कोण बघणार ते सुरय्या अजून बोलली नव्हती. आपा राहिल्या तर बोलायचं कारणच उरणार नव्हतं.

सहल यांच्या डिपार्टमेंटची. प्रेस शॉपमधली दहा-बारा कुटुंबं, पुरुष पहिल्या तासातच पाण्यात, बायका साडीचे ओचे धरून घोट्याएवढ्या पाण्यात. मला समुद्राचं काही वाटलं नाही. मी बीडकडची, पाणी एवढं असावं आणि पिता येऊ नये, हे मला पटलंच नाही. पण वाळूत शंख दिसले आणि माझं काम मला सापडलं. अफरीनला इफ्फतआपा समुद्राच्या गोष्टी सांगायच्या, माशांच्या, होड्यांच्या, भरतीच्या, आणि पोरगी तोंड उघडं टाकून ऐकायची. मी तिला काय सांगणार, रबराच्या सीलच्या गोष्टी? तेव्हा मी ठरवलं, आपांनी समुद्र सांगितला, मी आणून देते. आणि आणते तर असा आणते की तसा त्या बाईनं तीस वर्षांत पाहिला नसेल.

भोसरीला रबराच्या कारखान्यात मी नऊ वर्षं काढली. साच्यातून आलेल्या सीलला कडेनं पापुद्रा सुटतो, तो ब्लेडनं काढायचा आणि माल बघायचा. चांगला हिरव्या ट्रेमध्ये, खराब लाल ट्रेमध्ये. नखाएवढा खड्डा, केसाएवढी चीर, लाल. माझ्या हातून गेलेला माल नऊ वर्षांत एकदाही परत आला नाही. सुपरवायझर नव्या पोरींना माझ्या टेबलाशी आणून उभं करायचा. ती नजर जात नाही. भाजी घेताना असते, नातेवाइकांकडे असते, आणि त्या किनाऱ्यावरही होती. कोरड्या वाळूत पडलेले शंख सगळे लाल ट्रेचे. कुणाचं टोक गेलेलं, कुणाचा रंग उडालेला, कुणाला सुईनं पाडावं तसं गोल भोक. आमच्या ह्यांनी भोकाचे चार उचलून आणले, म्हणाले, हे बघ किती गुळगुळीत. मी त्यांच्या देखत फेकून दिले. पोरीला फुटकं द्यायचं का? मग ओहोटी लागली आणि पाणी मागं सरलेल्या ओल्या वाळूत मला हवा होता तसा माल दिसला. तुळतुळीत, अंगावर बदामी आणि जांभळ्या रेघा, हातात घेतला की वजन लागावं. तोंडाशी पातळ तपकिरी झाकणही होतं, बाटलीला बूच असावं तसं घट्ट. मला वाटलं, खऱ्या शंखाला असंच असतं. तीन दिवस, सकाळ-संध्याकाळ, ओहोटीच्या वेळा विचारून मी वाळूत वाकून फिरले. बाकीच्या बायका नारळपाणी पीत होत्या आणि मला हसत होत्या. शंभर उचलले असतील, तेवीस ठेवले. प्रत्येक उलटासुलटा करून, उन्हाकडं धरून. एकालाही ओरखडा नव्हता. खोलीवर नळाच्या गोड्या पाण्यानं धुतले, पदरानं एकेक पुसला, यांच्या बनियनच्या कापडात गुंडाळून डब्यात रचले आणि कडी लावली.

माणगावला बस चहाला थांबली. ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं, सगळे उतरले, मी पिशवी मांडीवर घेऊन बसून राहिले. तेव्हा डब्यातून आवाज आला. बारीक, नखानं पत्रा खरवडावा तसा. थांबला. परत आला. मी डबा कानाशी नेला. मग स्वतःला सांगितलं, ऊन लागतंय, पत्रा तापतोय, तापला की वाजतो. हे मी आज लिहिताना सांगते की मला तेव्हाही ते पटलं नव्हतं. कडी काढून बघायला दोन बोटं लागली असती. पण बघितलं असतं तर हिरव्या ट्रेमधला माल लाल ट्रेमध्ये टाकावा लागला असता, आणि रिकाम्या हातानं मी तिसऱ्या मजल्यावर जाऊ शकत नव्हते.

दाराचा आवाज ऐकून अफरीन आलीच धावत. अनवाणी. माझ्या कमरेला मिठी मारली, काय आणलं, काय आणलं. त्या मिठीत मी विरघळायला हवं होतं. पण तिच्या डोक्याला नारळाचा वास होता, आणि दारात मागोमाग आपा येऊन उभ्या राहिल्या, हसत, हातात त्याच गुलाबी चपला घेऊन, पाय भाजतील म्हणून. मी डबा दाखवला आणि वर फळीवर ठेवला. म्हटलं, उद्या सकाळी माझ्याकडं आलीस की उघडू. दिवसभर माझ्याकडंच राहायचं मग. पोरीनं मान डोलावली. आपांनीही डोलावली. माझ्या मनात काय चाललं होतं ते मला नीट ठाऊक होतं. मांजराला दूध ठेवावं तसा मी तो डबा ठेवला होता.

सोमवारी मी सहापासून तयार होते. सुरय्याच्या चपलांचा आवाज जिन्यातून खाली गेला, माझं दार वाजलं नाही. नऊ वाजले. दहाला शेजारून हसण्याचा आवाज आला. मी दार उघडलं नाही, हाक मारली नाही. माझ्यात एक खोड आहे, मला हवं ते मी मागत नाही, ते दुसऱ्यानं ओळखावं आणि नाही ओळखलं की त्याला शिक्षा व्हावी. दुपारी कळलं की आपा तिला घेऊन संत तुकाराम नगरच्या बागेत गेल्यात, घसरगुंडीवर. मग डोळ्याच्या दवाखान्यात, तिथून आइस्क्रीम. संध्याकाळी पोर दमून झोपली. डबा फळीवर होता. मे महिना, वरचा मजला, माथ्यावर तापलेली गच्ची.

मंगळवारी साडेबाराच्या सुमारास, सकाळची भांडी घासताना मला वास आला. मोरी तपासली, कचऱ्याची बादली तपासली. मग वर बघितलं. स्टूलवर चढले, कडी काढली. काय होतं ते सांगणं अवघड नाही, सांगवत नाही. बुचं गळून पडली होती. ज्याला मी शंखाचा भाग समजले होते ते दार होतं, आणि दारामागं कुणीतरी राहत होतं. तेवीसही. यांच्या बनियनवर पिवळट पाणी उतरलं होतं. काही जण अर्धे बाहेर आलेले होते, वाट शोधत, एकमेकांवर चढून. म्हणूनच तर ओरखडा नव्हता. जे किनाऱ्यावर टाकून दिले होते ते मेलेले होते, म्हणून फुटले होते, झिजले होते. मी नऊ वर्षांची नजर लावून नेमके जिवंत निवडले होते. स्टूलवर बसून मी रडले, हेही खरं आहे. पण माणूस एकाच वेळी रडतो आणि दुसरंही काहीतरी करत असतो. मी डोळे पुसले, कडी लावली, डबा बाहेरून साबणानं घासला, राखेनं घासला, फडक्यानं कोरडा केला. झाकणाच्या कडेला नाक लावून बघितलं. वास येत नव्हता. कडीचा डबा होता तो, झाकण पक्कं.

तासाभरानं अफरीन आली. म्हणाली, फुफी झोपलीय, दे ना माझे शंख. मी तिला जवळ घेतलं. आवाज इतका गोड निघाला की माझा मलाच ओळखू आला नाही. म्हटलं, आत्ता नाही उघडायचं. अब्बा-अम्मी घरी आले की सगळ्यांसमोर उघड. तोवर फुफीकडं दे सांभाळायला. पोरगी डबा छातीशी धरून गेली. जाताना दोन्ही हात गुंतलेले, म्हणून दार कोपरानं ढकललं.

सात वाजता सुरय्याच्या घरातून आधी खुर्ची सरकल्याचा आवाज आला आणि मग पोरीचं रडणं. मी पळत गेले, पळायचं असतं म्हणून. डबा फरशीवर उघडा होता. अफताब नाकाला रुमाल लावून खिडक्या उघडत होता. सुरय्या ओव्हरटाइमवरून नुकती आलेली, कामाच्या कपड्यांतच होती, तिनं माझ्याकडं बघितलं, आणि तिच्या नजरेत अजून काही नव्हतं, फक्त गोंधळ. पुढचं वाक्य माझ्याकडं दुपारपासून तयार होतं. मी विचारलं, डबा कुठं ठेवला होता? आपा म्हणाल्या, खिडकीत. मग मी कपाळाला हात लावला.

"पश्चिमेच्या खिडकीत? आपा, मे महिन्याचं ऊन. मी इतके जपून आणले होते."

इफ्फतआपा खाली बसल्या. काळा चष्मा काढला, एक शंख उचलला, बोटावर फिरवला, मग दुसरा, तिसरा. त्यांच्या ताज्या कापलेल्या डोळ्यांतून पाणी येत होतं, ते वासानं असेल. ज्या बाईनं तीस वर्षं समुद्राच्या काठी मासळी निवडली, तिला हा वास एका दुपारचा की तीन दिवसांचा हे कळत नसेल? त्यांनी वर बघितलं. माझ्याकडं. मी वाट पाहिली. बोलल्या असत्या तर मी भांडले असते, त्याचीही तयारी होती. त्या पोरीकडं वळल्या.

"चुकलं गो माझं. मला कळायला हवं होतं."

अफरीननं त्यांना दोन्ही हातांनी ढकललं. म्हणाली, तू मारलेस त्यांना. आणि माझ्या कुशीत येऊन तिनं तोंड लपवलं. ओला, गरम चेहरा माझ्या पोटाशी. पाच वर्षांपूर्वी हातात दिलेलं तेच वजन. मी तिच्या डोक्यावरून हात फिरवत होते आणि मला आनंद झाला होता. झाकून कशाला ठेवू. इतका आनंद मला त्या समुद्रावर तीन दिवसांत झाला नव्हता.

बुधवारी सकाळी मजल्यावरच्या सामाईक नळाशी आपा बसल्या होत्या. पातेल्यात उकळलेले शंख, हातात टाचणी. एकेक घेऊन आतलं काढायच्या, ब्रशनं घासायच्या, कागदावर पालथा घालायच्या. मला पाण्याची बादली भरायची होती, थांबणं भाग होतं. मग माझ्याकडं न बघता त्या म्हणाल्या, की आमच्याकडं पोरं भोकाचेच वेचतात, दोऱ्यात ओवायला. न घासलेला, न टवका उडालेला शंख दिसला की आमची सासू म्हणायची, हात लावू नका, घरात माणूस आहे. एवढंच. त्यात टोमणा नव्हता, मी पुन्हा पुन्हा आठवून बघितलं. बादली भरून वाहायला लागली तेव्हा त्यांनीच नळ बंद केला.

"शुक्रवारच्या गाडीनं जाते मी, ताई. आणि एक सांगायचंय. तुम्ही नव्हता ते तीन दिवस ती चपला तुमच्याच दारात काढायची. कुलूप दिसायचं तरी. मी उचलून आमच्या दारात आणून ठेवायचे."

मी विचारलं, का?

"मला बघवायचं नाही," त्या म्हणाल्या, आणि शंख घासू लागल्या.

त्या वेळी बोलायला हवं होतं. अख्खा दिवस होता, गुरुवार होता. तिसऱ्या मजल्यावर दोन दारांत सात पावलांचं अंतर आहे. मी दोनदा गेले आणि दोनदा साखर मागून आले. ज्या बाईचा मी दोन महिने हेवा केला ती माझ्या कुलपाचा हेवा करत होती, हे मनात बसायला जागाच होईना. शुक्रवारी अफताबनं त्यांना वल्लभनगरच्या स्टँडवर सोडलं. अफरीन सोडायला गेली नाही. रुसून गादीवर पडून राहिली. जाताना आपांनी माझा डबा परत दिला. शेजाऱ्याचा डबा रिकामा देऊ नये, ही रीत त्यांच्याकडंही आहे. मला वाटलं वडी असेल. घरात येऊन कडी काढली. आत तेवीस शंख होते, धुतलेले, कोरडे, हलके, नव्या पांढऱ्या कापडावर रचलेले. बदामी आणि जांभळ्या रेघा जशाच्या तशा. मी नाक लावून हुंगलं. नारळाच्या तेलाचा वास आला. त्यांनी एकेकाला तेलाचं बोट लावलं होतं, चमक यावी म्हणून.

शनिवारी सुरय्याची पहिली पाळी होती. सहाला माझं दार वाजलं. ती घाईत म्हणाली, मावशी, जूनपासूनही तुमच्याकडंच, चालेल ना, आणि उत्तर गृहीत धरून जिना उतरून गेली. अफरीन आता दुपट्यात मावत नाही, डोळे चोळत आपल्या पायानं आत आली. दोन तास झोपली, उठली, दूध प्यायली, मग तिला टेबलावरचा डबा दिसला. ती लांबच उभी राहिली. हात मागं बांधले.

"हे फुफीनं मारलेले आहेत ना?"

मी खाली बसले, तिच्या उंचीला. तिच्या केसांना काही वासच नव्हता, दोन दिवस कुणी तेलच लावलं नव्हतं. माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते हेच, की गप्प बस कस्तुरा, मिळालंय ते पदरात घे. जून मिळाला, पोर मिळाली, बाई गेली. मग मी तिचे दोन्ही हात पाठीमागून सोडवून माझ्या हातात घेतले.

"नाही. फुफीनं नाही. मी मारले. मी समुद्रावरून आणले तेव्हा ते जिवंत होते. फुफीकडं यायच्या आधीच मेले होते, आणि मला माहीत होतं."

अफरीननं माझ्या तोंडाकडं बघितलं. बराच वेळ, कपाळाला आठी घालून. कुणीतरी माल तपासतंय आणि तो माल मीच आहे, असं वाटलं. मग तिची आठी गेली आणि ती हसली. माझ्या गालावर थोपटलं, मी तिला थोपटते तसं.

"खोटं. तू कशाला मारशील?"

आणि ती गॅलरीत कबुतरं बघायला पळाली. मी हाक मारली, पुन्हा सांगितलं, अगं खरंच. ती म्हणाली, हो हो, आणि कबुतरं मोजत राहिली. मी उठले. डब्याला कडी लावली, तो फळीवर ठेवला. मग दाराशी आले. तिच्या चपला माझ्या उंबऱ्यापाशी पडल्या होत्या, एक इकडं, एक तिकडं, त्यातली एक उलटी. पायानं सुलटी करता आली असती. मी बाहेर जाऊन वाकले, दोन्ही हातांनी उचलल्या आणि टाचा भिंतीला टेकवून जोडीनं ठेवल्या.